नोकरी गेली ते कळलं, विमा गेला ते कोण सांगणार?

आमच्या ओळखीतलं मुंब्र्याचं एक कुटुंब आहे. थोरला मुलगा भिवंडीच्या बाजूला एका मोठ्या गोदामात सात वर्षं सुपरवायझर होता. पगार ३४ हजार. कंपनीची ग्रुप मेडिक्लेम पॉलिसी होती, तीन लाखांची. अम्मी-अब्बांचं नावही त्यात घातलेलं होतं आणि त्याचा वेगळा हप्ता दरवर्षी पगारातून कापला जायचा. फेब्रुवारीत कंपनीने ते गोदाम बंद केलं. एक महिन्याचा पगार दिला, ओळखपत्र परत घेतलं, पीएफच्या कागदांवर सह्या घेतल्या आणि २८ तारखेला मुलगा घरी आला.

११ मार्चला पहाटे अब्बांच्या छातीत दुखायला लागलं. मुलाच्या मोबाईलमध्ये मेडिक्लेमचं कार्ड होतं, कॅशलेस हॉस्पिटलांची यादी होती. यादी बघूनच हॉस्पिटल निवडलं. अब्बांना आत नेलं आणि अर्ध्या तासाने काउंटरवरचा माणूस म्हणाला, "तुमचं नाव यादीतून काढलेलं आहे. पॉलिसी चालू आहे, पण तुम्ही त्यात नाही." नाव कधी काढलं? शेवटच्या कामाच्या दिवशी. कोणी कळवलं? कोणीच नाही. अँजिओप्लास्टी झाली, अल्लाहच्या कृपेने अब्बा बरे आहेत. पण घरातल्या बांगड्या गेल्या आणि मामूंकडून घेतलेलं कर्ज अजून फिटतंय.

ही गोष्ट ऐकल्यावर पहिला प्रश्न मनात येतो तो हा की कंपनीने काही बेकायदा केलं का? आम्ही यावर थोडा अभ्यास केला, जाणकारांशी बोललो. उत्तर मिळालं ते असं की नोकरी संपल्यावर विमा संपणं बेकायदा नाही. आणि तो संपला हे न सांगणं, हेही आपल्याकडे स्पष्ट शब्दांत बेकायदा ठरवणारा कायदा नाही. आजचा विषय हाच आहे.

पॉलिसी कंपनीची, आपण फक्त यादीतलं नाव

सगळ्यात आधी एक साधी गोष्ट समजून घेऊ. आपण स्वतः विमा काढतो तेव्हा करार आपला आणि विमा कंपनीचा असतो. हप्त्याची आठवण, नूतनीकरणाची तारीख, अटींतला बदल, सगळं आपल्या मोबाईलवर येतं. ग्रुप पॉलिसीत असं नसतं. तिथे करार मालक आणि विमा कंपनी यांच्यात होतो. पॉलिसीधारक म्हणजे मालक. आपण त्या पॉलिसीला जोडलेल्या यादीतलं एक नाव, म्हणजे सदस्य.

त्यामुळे विमा कंपनीचं प्रत्येक पत्र मालकाकडे जातं. एचआर दर महिन्याला यादी पाठवतं, नवीन आलेल्यांची नावं घाला आणि गेलेल्यांची काढा. नाव काढलं की उरलेल्या काळाचा हप्ता बऱ्याचदा मालकाच्या खात्यात परत जमा होतो. म्हणजे नाव लवकर काढण्यात मालकाचा फायदा आहे आणि आपल्याला कळवण्यात कोणाचाच फायदा नाही. कोणी मुद्दाम वाईट वागतंय असं नाही. व्यवस्थाच अशी बांधलेली आहे की ज्याच्या जिवाचा प्रश्न आहे, त्याच्यापर्यंत बातमी सगळ्यात शेवटी पोहोचते.

आणि नोकरी सुटणं हे एकच कारण नाही. विमा गुपचूप संपण्याचे किंवा कमी होण्याचे निदान पाच-सहा रस्ते आहेत. नूतनीकरणाच्या वेळी हप्ता वाढला म्हणून मालक आई-वडिलांना वगळतो. पाच लाखांचं संरक्षण तीन लाखांवर येतं. ठेकेदार बदलतो आणि नवा ठेकेदार विमाच काढत नाही. मुलगा किंवा मुलगी ठरावीक वयाची झाली की तिचं नाव गळतं. तलाक झाला की पत्नी यादीतून जाते. कामगाराचा इंतकाल झाला की त्याच्या बेवा पत्नीचं आणि लेकरांचं छत्र त्याच्याबरोबरच जातं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मालकाने हप्ताच भरलेला नसतो. विमा कायद्याच्या कलम ६४ व्हीबी प्रमाणे हप्ता आधी मिळाल्याशिवाय विमा कंपनीवर जोखीम येत नाही. हप्ता नाही तर विमा नाही.

अमेरिकेत काय करतात?

कळवण्याच्या कर्तव्याचं सगळ्यात तपशीलवार उदाहरण अमेरिकेतलं आहे. तिथे सरकारी विमा सर्वांना नाही, बहुतेक कुटुंबांचा विमा नोकरीतूनच येतो. त्यामुळे नोकरी गेली की विमा जायचा आणि कुटुंब उघड्यावर पडायचं. यावर १९८६ मध्ये एक कायदा लागू झाला. त्याच्या लांबलचक नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला 'कोब्रा' म्हणतात. नावावर जाऊ नका, हा साप चावणारा नाही.

२० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या मालकांना तो लागू आहे. त्यातली कळवण्याची साखळी अशी आहे. नोकर विम्यात आला की ९० दिवसांच्या आत त्याला आणि त्याच्या पती किंवा पत्नीला लेखी सांगायचं की पुढे विमा संपला तर तुमचे हक्क काय असतील. नोकरी सुटली, कामाचे तास कमी झाले किंवा कामगार वारला, तर मालकाने ३० दिवसांत विमा योजनेच्या व्यवस्थापकाला कळवायचं. व्यवस्थापकाने त्यापुढच्या १४ दिवसांत कुटुंबाला नोटीस पाठवायची. मालक स्वतःच व्यवस्थापक असेल तर एकूण ४४ दिवस. मग कुटुंबाला विचार करायला किमान ६० दिवस मिळतात.

त्या ६० दिवसांत कुटुंबाने 'हो' म्हटलं तर तोच विमा पुढे चालू राहतो, आणि तोही मागच्या तारखेपासून. म्हणजे मधल्या दिवसांत कोणी दवाखान्यात दाखल झालं असेल, तर हप्ता भरल्यावर तो खर्चही विम्यात येतो. नोकरी सुटल्यास साधारण १८ महिने, आणि मृत्यू किंवा घटस्फोट असेल तर पत्नी-मुलांना ३६ महिने. नोटीस न देणाऱ्याला न्यायालय दिवसाला ११० डॉलरपर्यंत दंड लावू शकतं.

जबाबदारी एकतर्फी नाही. घटस्फोट झाला किंवा मूल वयाने बाहेर पडलं, तर ते मालकाला आपोआप कसं कळणार? ती गोष्ट ६० दिवसांत कळवण्याचं काम कुटुंबाचं आहे. हा हिशोब आम्हाला न्याय्य वाटतो. ज्याला जे आधी कळतं, त्याने ते दुसऱ्याला सांगायचं.

हा कायदा म्हणजे स्वर्ग आहे असं मात्र समजू नका. विमा चालू ठेवायचा तर पूर्ण हप्ता स्वतः भरावा लागतो, वर दोन टक्के व्यवस्थापन खर्च. म्हणजे पूर्वी मालक भरत होता तो वाटाही आपल्याच डोक्यावर, आणि नेमका पगार बंद असताना. त्यामुळे अनेकांना हा हक्क कागदावरच परवडतो. कोरोनाच्या काळात, एप्रिल ते सप्टेंबर २०२१ मध्ये, तिथल्या सरकारला हा हप्ता काही लोकांसाठी स्वतः भरावा लागला होता. 'गंभीर गैरवर्तन' म्हणून काढलेल्या माणसाला हा हक्क नाकारताही येतो. पण एक गोष्ट तिथे पक्की आहे. विमा संपल्याची बातमी माणसाला दवाखान्याच्या काउंटरवर कळू नये, ही जबाबदारी कायद्याने कोणाच्या तरी गळ्यात घातलेली आहे.

तिकडे नोकरीला असलेल्या आपल्या मुला-मुलींनी हे खास लक्षात ठेवावं. एच-१बी व्हिसावर असताना नोकरी गेली की सगळं लक्ष व्हिसाच्या ६० दिवसांकडे लागतं आणि टपालाने आलेलं विम्याचं पाकीट तसंच पडून राहतं. नोटीस शेवटच्या माहीत असलेल्या पत्त्यावर पाठवली की मालकाचं काम झालं. घर बदललं असेल तर पत्ता कळवणं आपलं काम.

आपल्याकडे चित्र काय आहे?

भारतात नोकरदारांच्या आरोग्य संरक्षणाचे दोन वेगळे रस्ते आहेत. त्यांची गल्लत करू नका.

पहिला रस्ता ईएसआयचा, म्हणजे कर्मचारी राज्य विमा. हा सरकारी आणि सक्तीचा. १९४८ च्या कायद्याने आला आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत आता त्याचा समावेश आहे. संहितेप्रमाणे १० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना तो लागू होतो. पगाराची मर्यादा २०१७ पासून २१ हजार रुपये चालत आली आहे. कामगाराचा वाटा पगाराच्या ०.७५ टक्के, मालकाचा ३.२५ टक्के.

ईएसआयची एक चांगली बाजू बऱ्याच जणांना ठाऊक नसते. नोकरी सुटली की त्याच दिवशी दरवाजा बंद होत नाही. वर्षाचे दोन वर्गणी-काळ धरले जातात. एप्रिल ते सप्टेंबरची वर्गणी भरली असेल तर पुढच्या जानेवारी ते जून या काळात लाभ मिळतो. ऑक्टोबर ते मार्चची वर्गणी असेल तर जुलै ते डिसेंबर. म्हणजे काम सुटल्यावरही पात्रतेप्रमाणे काही महिने इलाज मिळू शकतो. पण हे सांगतं कोण? काम गेलं की कार्ड कपाटात टाकलं जातं, कारण माणसाला वाटतं की तेही गेलं.

पगार वाढून २१ हजारांच्या वर गेला तरी चालू वर्गणी-काळ संपेपर्यंत नाव राहतं, त्यानंतर जातं. ही पगारवाढ म्हणजे दुधारी सुरी आहे. पगार हजार-दीड हजाराने वाढला म्हणून घरात मिठाई वाटली जाते आणि पुढे काही काळाने सगळ्या कुटुंबाचं दवाखान्याचं छत्र निघून जातं. मालकाने पगारवाढीचं पत्र देतानाच एक ओळ लिहिली, 'अमुक तारखेपासून ईएसआय बंद होईल, दुसरी सोय करा', तर त्याचं काय बिघडेल?

दुसरा रस्ता खासगी ग्रुप मेडिक्लेमचा. तो मालकाच्या मर्जीचा. कोरोनाच्या वेळी केंद्रीय गृहमंत्रालयाने १५ एप्रिल २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत कामगारांचा वैद्यकीय विमा अनिवार्य असल्याचं म्हटलं, आणि विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, कंपन्यांना तशा सोप्या पॉलिसी द्यायला सांगितलं. त्या काळात अनेक कंपन्यांनी विमा काढला. पण ती आपत्ती काळातली सूचना होती, कायमचा कामगार कायदा नव्हे. साथ ओसरली, हप्ते वाढले आणि त्यातले किती विमे टिकले हे ज्याने त्याने आपल्या एचआरला विचारावं.

या दुसऱ्या रस्त्यावर 'विमा संपला की इतक्या दिवसांत लेखी कळवा' असं सांगणारा, कोब्रासारखा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. म्हणजे हात अगदीच रिकामे आहेत का? तसंही नाही.

नोकरी चालू असताना मालकाने विमा काढून घेतला, तर एक मुद्दा मांडता येतो. पूर्वीच्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम ९-अ होतं, आताच्या औद्योगिक संबंध संहितेत कलम ४० आहे. त्यात म्हटलंय की ठरावीक सेवाशर्ती बदलायच्या असतील तर संबंधित कामगारांना नोटीस द्या आणि २१ दिवस थांबा. त्या यादीत, चालत आलेली सवलत किंवा सोय काढून घेणं याचाही उल्लेख आहे. वर्षानुवर्षं मिळत आलेला मेडिक्लेम ही अशी सवलत आहे, असा दावा युनियन करू शकते. अर्थात हे कायद्याच्या व्याख्येतल्या 'कामगारा'पुरतं. व्यवस्थापक किंवा १८ हजारांवर पगार घेणारा सुपरवायझर त्यात बसत नाही. आमच्या मुंब्र्याच्या तरुणाला हा रस्ता बंदच होता, कारण तो सुपरवायझर होता आणि त्याची नोकरीच संपली होती.

पगारातून पैसे कापून पुढे भरलेच नाहीत, तर ती वेगळी आणि गंभीर बाब आहे. ईएसआयचा कामगाराचा वाटा कापून न भरणं हा फौजदारी स्वरूपाचा विश्वासघात मानला जातो. पगाराच्या चिठ्ठीवर कपात दिसत असेल तर ती चिठ्ठी जपून ठेवा.

हक्क आहे, पण वेळेत कळलं तरच

आता सगळ्यात कळीचा मुद्दा. विमा नियामकाच्या नियमांनी ग्रुप पॉलिसीतल्या सदस्यांना एक मोलाचा हक्क दिलेला आहे. ग्रुपमधून बाहेर पडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा कौटुंबिक पॉलिसीत जाता येतं. याला मायग्रेशन म्हणतात. याचा फायदा असा की ग्रुपमध्ये काढलेली वर्षं वाया जात नाहीत.

हे समजायला उदाहरण घेऊ. नवीन पॉलिसी काढली आणि आधीपासून शुगर, बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल, तर त्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. एप्रिल २०२४ पासून ही कमाल मर्यादा तीन वर्षांची आहे, पूर्वी ती चार होती. पण तुम्ही ग्रुपमध्ये सलग चार-पाच वर्षं असाल आणि मायग्रेशन केलं, तर ती वर्षं तितक्या रकमेच्या संरक्षणापुरती मोजली जातात. हप्ता वयाप्रमाणे वेगळा लागेल आणि विमा कंपनी तब्येतीची विचारपूसही करू शकेल. तरी साठीच्या वडिलांसाठी हा फरक लाखोंचा असतो.

आता यातली मेख बघा. हे सगळं 'सलगता' या एका शब्दावर उभं आहे. खंड पडायच्या आत अर्ज करायचा असतो. विमा कंपन्यांच्या कलमांत पोर्टेबिलिटीसाठी साधारण ४५ दिवस आधी अर्ज करा असं लिहिलेलं असतं. ज्याला विमा संपल्याचंच माहीत नाही, तो ४५ दिवस आधी अर्ज कसा करणार? शेवटच्या दिवशी नाव निघतं, दोन आठवड्यांनी कळतं, तोवर खंड पडलेला असतो. म्हणजे नियामकाने हक्क दिला, पण त्या हक्काची चिठ्ठी पोहोचवायला कोणी पोस्टमनच नेमला नाही. म्हणून कळवण्याचं कर्तव्य ही केवळ सौजन्याची बाब नाही. ते नसेल तर बाकीचे हक्क मुके राहतात.

मुंब्र्याच्या कुटुंबाचंच बघा. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आता उत्पन्नाची अट न ठेवता सर्व कुटुंबांना खुली आहे, संरक्षण वर्षाला पाच लाखांपर्यंत. पांढरं रेशनकार्डही चालतं. अँजिओप्लास्टी त्यात बसते. पण योजनेच्या यादीतल्या हॉस्पिटलातच. त्यांनी हॉस्पिटल निवडलं ते मेडिक्लेमच्या यादीतून, कारण मेडिक्लेम जिवंत आहे असं त्यांना वाटत होतं. २८ फेब्रुवारीला एक एसएमएस आला असता, तर ११ मार्चला रिक्षा दुसऱ्या हॉस्पिटलकडे वळली असती. एका एसएमएसची किंमत किती आणि त्या बांगड्यांची किती?

आखातातल्या भावांचा प्रश्न

रत्नागिरी आणि रायगडच्या कितीतरी घरांचा चुलीचा खर्च सौदी, दुबई, कुवेत, कतारमधून येतो. सौदीत मालकाने परदेशी कामगाराचा विमा काढणं सक्तीचं आहे. दुबईत २०१३ च्या कायद्याने ते आलं, आणि १ जानेवारी २०२५ पासून शारजा, अजमानसह उरलेल्या अमिरातींतल्या खासगी कंपन्यांनाही ते लागू झालं. ही चांगली गोष्ट. पण हा विमा नोकरी आणि व्हिसाशी बांधलेला असतो. नोकरी संपून माणूस कायमचा गावी परतला की तोही संपतो.

आणि इथे आणखी एक फटका बसतो. आखातातल्या विम्यात काढलेली पंधरा-वीस वर्षं भारतातल्या पॉलिसीत मोजली जात नाहीत. पन्नाशी-पंचावन्नचा माणूस शुगर-बीपी घेऊन परततो, नवी पॉलिसी काढतो आणि पहिल्या दिवसापासून थांबण्याचा काळ सुरू होतो. म्हणून तिकडे कमावत असतानाच, चाळिशीत, भारतात एक छोटी पॉलिसी सुरू करून ठेवणं शहाणपणाचं. विम्याबाबत ज्यांच्या मनात शरई शंका असेल त्यांनी आपल्या भरवशाच्या आलिमांना विचारावं, तो निर्णय आमचा नाही. पण जे निर्णय घ्यायचे ते वेळेवर आणि माहिती घेऊन घ्यावेत, एवढं तर कोणीही मान्य करेल.

आज घरी बसून काय करता येईल?

पहिलं, एचआरला लेखी विचारा. ईमेल किंवा व्हॉट्सअॅप, पण लेखी. आमचं संरक्षण कोणत्या तारखेला संपतं? नोकरी सोडली तर शेवटच्या कामाच्या दिवशी संपतं की महिनाअखेरीस? आई-वडिलांचा हप्ता वर्षभराचा कापला असेल तर मध्येच नोकरी सुटल्यावर उरलेले पैसे कोणाला मिळतात? विमा कंपनीचं नाव आणि पॉलिसी क्रमांक काय? हा क्रमांक मायग्रेशनच्या अर्जासाठी लागतो आणि नोकरी गेल्यावर तो मिळवणं कठीण जातं.

दुसरं, राजीनामा देण्याआधी अर्ज करा. नव्या नोकरीत रुजू व्हायला दहा-पंधरा दिवसांचा जरी अवधी असला, तरी त्या दिवसांसाठी घर उघडं असतं, हे लक्षात घ्या. आजार तारीख बघून येत नाही.

तिसरं, विम्याचे कागद घरातल्या बाईमाणसांना माहीत असू द्या. कार्ड नवऱ्याच्या मोबाईलमध्ये आणि मोबाईलला पासवर्ड, अशी आपल्याकडची रीत. त्याला काही झालं तर बिचारी कोणाला विचारणार?

चौथं, फुले योजनेच्या यादीतलं जवळचं हॉस्पिटल कोणतं ते आजच शोधून ठेवा. योजनेचा टोल फ्री क्रमांक १५५३८८ आहे. घरात ७० वर्षांवरचं कोणी असेल तर ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत उत्पन्नाची अट न लावता पाच लाखांचं संरक्षण मिळतं. कार्ड आधी काढून ठेवा, आजारपणात धावपळ नको.

पाचवं, विमा कंपनीने मायग्रेशन विनाकारण नाकारलं तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, मग नियामकाचा १५५२५५ हा क्रमांक, आणि त्यानंतर विमा लोकपाल. मुंबई आणि पुणे दोन्हीकडे लोकपालाचं कार्यालय आहे, वकील लागत नाही. मात्र लोकपाल विमा कंपनीविरुद्धची तक्रार ऐकतो, मालकाने कळवलं नाही ही तक्रार तो ऐकत नाही. हीच ती मोकळी राहिलेली फट.

फट बुजवायची कशी?

यासाठी फार मोठा कायदा लागत नाही. विमा कंपनीकडे प्रत्येक सदस्याचं नाव आणि बहुतेक वेळा मोबाईल क्रमांक असतो. नाव काढताना सदस्याला थेट एसएमएस पाठवणं नियामकाने सक्तीचं करावं. संरक्षण कोणत्या तारखेला संपलं, मायग्रेशनसाठी किती दिवस आहेत आणि अर्ज कुठे करायचा, या तीन गोष्टी मराठी, हिंदी, उर्दूत. त्यासोबत ३० दिवसांची मुदत द्यावी, ज्यात अर्ज केला तर खंड मानला जाणार नाही. मालकाने नोकरी सोडतानाच्या कागदांत, पीएफच्या फॉर्मबरोबर, विम्याचाही एक कागद द्यावा. नव्या संहितांप्रमाणे नोकरी संपल्यावर दोन कामाच्या दिवसांत हिशोब चुकता करायचा आहे. त्या हिशोबातच ही ओळ बसवता येईल. आपल्या आमदार-खासदारांना आणि युनियनला हे मागायला काय हरकत आहे?

आणि शेवटी एक गोष्ट आपल्याच माणसांसाठी. आपल्या समाजातही मालक आहेत. भिवंडी-मालेगावचे लूमवाले आहेत, कुर्ल्याचे कारखानदार आहेत, हॉटेलवाले, ट्रान्सपोर्टवाले, शाळा आणि दवाखाने चालवणाऱ्या संस्था आहेत. कायद्याची वाट बघायची गरज त्यांना नाही. कोणाचं नाव विम्यातून निघत असेल तर त्याला आधी बोलावून सांगा, लिहून द्या. त्याचा विमा ही तुमच्याकडे ठेवलेली अमानत होती. ती संपत असल्याची खबर वेळेवर देणं हाही अमानत परत करण्याचाच भाग आहे.

मुंब्र्याच्या त्या तरुणाला आता दुसरी नोकरी लागली आहे. पहिल्या दिवशी त्याने एचआरला पगाराबद्दल काही विचारलं नाही. त्याने विचारलं, "विमा कुठल्या तारखेला सुरू होतो, आणि संपला तर मला कोण सांगणार?" एचआरवाली मुलगी गोंधळली, म्हणाली, असं कोणी विचारत नाही. आपण सगळ्यांनी विचारायला लागलं पाहिजे.